वाढदिवसाचा डबा

चि. सौ. आश्लेषास,

वर तू प्रीताला रागावते आहेस आणि मी खाली स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे. काही मुलांना ॲलर्जी असते म्हणून इथल्या शाळेत शेंगदाणा न्यायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. मलाही होतं.

काल तिच्या वाढदिवसासाठी आम्ही पीनट बटरच्या गोळ्या वळून चॉकलेटमध्ये बुडवल्या. मी शाळेतल्या कविता म्हणत होतो, ती हसत होती. आमच्याकडे वाढदिवसाला वर्गभर गोळ्या वाटायचे, ते आठवून मी हरखलो. ती म्हणाली, "आबा, नॉट अलाउड." मी म्हटलं, "अगं, एकेका गोळीनं काय होतंय?" आणि डबा मीच तिच्या दप्तरात ठेवला.

आज तिच्या वर्गातला नोआ ती गोळी खाऊन बेशुद्ध पडला. आता शुद्धीवर आलाय, पण हॉस्पिटलमध्येच आहे. तू विचारलंस तेव्हा प्रीता माझ्याकडे बघत म्हणाली, "आय टुक इट." मी चहा ढवळत राहिलो.

नऊ वर्षांच्या पोरीच्या आड लपलो गं. हे पत्र तुझ्या उशाशी ठेवणार होतो, पण तोवर तीच बोलणी खात राहील. म्हणून इथेच थांबतो आणि जिना चढून वर येतो.

तुझे,
आबा