वाणात आलेल्या गोळ्या

१६ एप्रिल, संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटं. ठीक याच वेळी खालच्या मजल्यावरची सुलभा सोसायटीच्या गेटपाशी मला म्हणाली, "काकू, तुम्ही त्या गोळ्या विश्वासाने घेतल्या नसतील."

विश्वासाने! जानेवारीत हळदीकुंकवाला हिनेच वाण म्हणून स्वतः विकते त्या व्हिटॅमिनच्या बाटल्या वाटल्या. "बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं कशाला टोचून घेता? यात सगळं आहे." मी इंजेक्शनं बंद केली. पायांचे तळवे आणखी बधिर झाले. आज डॉक्टरांनी लेबल वाचून दाखवलं. गोळ्या केसांच्या आणि नखांच्या. बी-ट्वेल्व्हचं नावही नाही. म्हणजे माझी नखं चकाकतात, पण पायातली चप्पल निसटली तरी मला कळत नाही.

जन्मभर कॉन्व्हेंटचं इंग्रजी मिरवलं आणि एक लेबल वाचलं नाही? वाण उलटसुलट करून बघत नाहीत, म्हणून? मूर्ख मी. पण सुलभा डॉक्टर कधी झाली? गोळ्या विकणारी बाई, डोक्यात भुसा आणि वर लिपस्टिक.

तळव्यांची संवेदना परत येईलच असं डॉक्टर सांगत नाहीत.

उद्या तिच्या दारात चिठ्ठी टाकते: 'सुलभा, कोणाला विचारून माझी इंजेक्शनं थांबवलीस? रविवारी दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर हवं. सहीसकट.'