हळदीतली गिटार

बाबा,

शनिवारी मी हळदीत वाजवलं. तुमच्याच बेंजो पार्टीत, कल्याणच्या पुढच्या एका गावात, माझ्या इलेक्ट्रिक गिटारवर. तुम्ही असता तर वाजवू दिलं नसतं, म्हणून हे आधी सांगते.

मला अजून ती संध्याकाळ दिसते: ठाकुर्लीच्या आपल्या स्वयंपाकघरात मी गिटारवर स्वीप पिकिंग शिकते आहे आणि तुम्ही कंपनीतून येऊन चहा पिताय. पिक, म्हणजे तार छेडायचा तो प्लास्टिकचा तुकडा, प्रत्येक तारेसाठी उचलायचं नाही, एकाच दाबात एका तारेवरून पुढच्या तारेवर उतरू द्यायचं. अवघड काम डाव्या हाताचं. सूर वाजला की बोट लगेच सैल करायचं, नाहीतर सगळे सूर एकमेकांत मिसळतात आणि नुसता गोंगाट उरतो. मी ते महिनोन् महिने इतकं सावकाश करत होते की ते गाणं वाटतच नसे. "खिडकीच्या गजांवरून काठी फिरवतेस काय गं?" तुम्ही म्हणालात. मी हसले नाही. म्हटलं, मला पार्टीत घ्या. तुम्ही कप खाली ठेवलात. "कॉलेजात वाजव, गणपतीत वाजव. हळदीत पोरी वाजवत नाहीत." का, ते सांगितलं नाहीत. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात आणि भांडण अर्धवट राहिलं. आता मी ठाण्याला एका कंपनीत कंट्रोल पॅनेल तपासते. पॅनेल नापास करायचं तर कारण लिहावं लागतं. मला तुम्ही कारण न देता नापास केलंत.

तुमच्या जागी आलेल्या बेंजोवाल्याचा हात मोडला, तेव्हा ढोलकीवाल्या काकांचा फोन आला. "येशील का गं? कुणी काही बोललं तर मनावर घेऊ नको." बोललेच. नवऱ्याचे मामा म्हणाले, "ही वाजवणार? मग नाचणार कोण?" सगळे हसले. काका म्हणाले, "आपल्या बेंजो मास्तरांची पोरगी आहे." मला ती ओळख नको होती. मी आवाज वाढवला आणि पहिल्या गाण्यानंतर स्वीप सोडला, हातात होता तेवढ्या वेगात. नाचणारे जागच्या जागी उभे. काका ओरडले, "अगं, पाय कुठं टाकायचे त्यांनी? नाचायला दे की!" मी थांबले नाही. तोच स्वीप अर्ध्या वेगावर आणला आणि त्याचा शेवटचा सूर ढोलकीच्या थापेवर बसवला. एकही सूर दुसऱ्यात मिसळला नाही, कारण सावकाश वाजवण्याची सवय मला तुमच्यासमोरच लागली होती. पहिले मामाच नाचायला लागले. मग घरातल्या बायका हळदीच्या हातांनी बाहेर आल्या.

काकांनी पुढच्या हळदीला विचारलंय. मी हो म्हटलंय. तुमची परवानगी मागत नाही. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, आईलाही नाही, कारण एक गोष्ट मी तिच्याशी बोलू शकणार नाही: सगळा मांडव माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि मला ते फार आवडलं.