तोकालची जमीन पोकळ झाली

तोकाल, १४ ऑगस्ट

प्रिय तेयो,

आशीर्वाद. तू, ग्लादिस आणि मुलं मजेत असाल. आंतोफागास्ताची समुद्राची हवा दमट, छाती जप. आम्ही बऱ्या आहोत. आईचे गुडघे दुखतात, जीभ मात्र पूर्वीसारखीच चालते. लिंबं यंदा आली नाहीत.

इतक्या वर्षांत तुला लिहिलं नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करावी कळत नाही. तुझ्यासमोर उभ्या असलेल्या पोरीपासूनच करते. कासिल्दोकाकांबरोबर आली आहे ती माझी एल्सिरा. तू पाहिलीस तेव्हा बोबडं बोलायची. मामाकडे सुट्टीला चाललीस, असं तिला सांगितलंय. आधी तिला खायला दे, मग पुढचं वाच. आणि मोठ्याने वाचू नकोस.

गाव तुला ओळखू येणार नाही. तळं आठवतं? तू कपड्यांसकट उडी मारायचास आणि आई काठी घेऊन काठावर उभी राहायची. तिथे आता मिठाचा पांढरा पापुद्रा आहे, पाय ठेवला की कुरकुरतो. चर्चमागची झाडं शेंड्याकडून वाळत खाली आली. पूर्वी वाळवंटातून घरी येताना लिंबाच्या फुलांचा वास आधी यायचा आणि मग गाव दिसायचं. आता आधी कंपनीच्या पाणी उपसणाऱ्या पंपांची घरघर ऐकू येते. ती जेवताना येते, प्रार्थनेत येते.

तुझ्या कंपनीवरून भांडण उकरून काढायला हे लिहीत नाही. गावचं पाणी कंपनीला द्यायच्या कागदावर सह्या करा म्हणत तू घरोघर फिरलास, लोकांनी तुझ्या तोंडाकडे बघून केल्या. झालं ते झालं.

जूनमध्ये कासिल्दोकाकांचा लामांचा गोठा जमिनीत गेला. सकाळी चारा घेऊन गेले, तर गोठ्याच्या जागी खड्डा. कडेला उभे राहून ते एकेका लामाला नावाने हाका मारत होते. मग हेल्मेटवाले आले. खालचं पाणी संपल्याने जमीन आतून पोकळ झालीय म्हणाले. तारेचं कुंपण घातलं, दारांवर लाल फुल्या मारल्या आणि लोकांना हायवेजवळच्या पत्र्याच्या घरांत नेलं. कासिल्दोकाका गेले, शेजार गेला. फुली आपल्या दारावरही आहे. आई रोज ती ओल्या फडक्याने घासते आणि जागची हलत नाही.

तिला न्यायला पोलीस आले होते. त्यांत एवारिस्तो होता, बाप्तिस्म्याला आईनेच हातांवर घेतलेला.

"चला मावशी, गाडी उभी आहे."

"तुला या हातांत धरला तेव्हा अंगावर मुतला होतास माझ्या. आता उचल मला, बघू तुझी हिंमत."

तो टोपी हातात घेऊन मागे फिरला. जाताना मला हळूच म्हणाला, "ताई, पोरीला तरी काढा इथून." मी म्हटलं, आईला तयार करते, मग तिघी एकदमच येतो.

महिन्याच्या पहिल्या तारखेला दरवर्षीसारखं धरणीला जेवू घालायचं होतं. खड्डा तू खणायचास. यंदा मी कुदळ काढली, तर आई म्हणाली, "ठेव ती. यंदा तिनेच तोंड उघडलंय." कुंपणाखालून वाकून गेली. शिजवलेला मका, कोकाची पानं, मक्याच्या दारूचा, चिचाचा अख्खा घडा तिने त्या गोठ्याच्या खड्ड्यात ओतला. आम्ही कान देऊन उभ्या होतो. खाली काहीच वाजलं नाही.

"हिचं पोट भरत नाही," आई म्हणाली. "आणखी मागेल."

तेव्हापासून एल्सिरा जमिनीला कान लावून झोपायला लागली. खाली कुणीतरी चालतंय, म्हणायची. "तुझे आजोबा असतील," आई सांगायची, आणि पोरगी खूश.

मंगळवारचं लिहायचं मी टाळते आहे, पण तुला कळायला हवं. गोठ्यातलं वाचलेलं लामाचं एक पिल्लू आपल्या आईला शोधत कुंपणापलीकडे भटकत होतं. मी कपडे वाळत घालत होते. वळून बघते, तर एल्सिरा त्याच्यामागे.

"एल्सिरा, मागे फिर!"

तिने हसून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पिल्लू दिसेनासं झालं. आवाज नाही, धूळ नाही. मग तिच्या पायाखालची जमीन गेली. कमरेपासून खाली ती आत, हातांनी कड धरलेली. मी पोटावर सरपटत गेले, तिच्या पाठीला बांधलेली शाल हाताला लागली, तीच धरून ओढलं. बाहेर आली तेव्हा रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "आई, खाली छान गार वारा आहे." काल विचारत होती, पुन्हा कधी जायचं.

म्हणून तिला तुझ्याकडे पाठवते आहे. सुट्टीसाठी नाही, तेयो. तिचा बाप गेला, आता आमच्यामागे तुझ्याशिवाय तिला कुणी नाही.

काल स्वयंपाकघरात चुलीपासून दारापर्यंत भेग गेली. आईने तिच्यावर घोंगडी अंथरली आणि सूप ढवळायला लागली.

"आई, आता तरी चल."

"तू जा की. मी कुठे तुला बांधून ठेवलंय?"

बांधून ठेवलेलं नाही खरंच. पण ती दोन ताटल्या मांडते, माझी वाट बघत बसते. तिला तशी सोडून कशी जाऊ? आणि खरं सांगायचं तर मलाच जाववत नाही. ती पत्र्याची घरं बघून आले. खिडकीतून दिवसभर ट्रक दिसतात. हे गाव मेलंय, मला कळतं, तरी माझा जीव इथेच आहे.

एल्सिराला जमिनीवर झोपू देऊ नकोस, खाटेवर झोपव. तुम्ही वरच्या मजल्यावर राहता ते बरं आहे. आई कधी येणार, विचारेल. सणाला, म्हण. कुठल्या ते सांगू नकोस.

तू आलास तर कुंपणाच्या अलीकडे उभा राहून हाक मार. उत्तर आलं नाही तर आत पाऊल टाकू नकोस.

आत्ताच आई दारात येऊन म्हणाली, "त्याला माझेही आशीर्वाद लिही." त्या सह्यांनंतर तुझं नाव निघालं की ती उठून जायची. आज स्वतःहून म्हणाली. मला त्याचीच भीती वाटते आहे.

आम्हा दोघींचे आशीर्वाद.

तुझी ताई,
सेनोबिया