छप्पन्न नंबरचं घर

बुध. ४ एप्रिल ७९
पे. ३ (पेटी नं. ३) आज बसवली. रंगखात्यातल्या तिन्ही हायड्रोंवर आता माझ्या पेट्या. ओलं सूत गरागरा फिरवून पिळणारं पिंप, ते पूर्ण थांबेपर्यंत झाकणाची खिट्टी सुटता कामा नये, एवढंच पेटीचं काम. म्हणायला एवढंच. १०२४ घरांची चिप, त्यातल्या ४१२ घरांत माझा सगळा प्रोग्रॅम. ग्राफपेपरवर पेन्सिलीने, एकही खाडाखोड नाही. जकार्डची, मागावर नक्षी उठवणारी, कार्डं पंच करण्यात अठ्ठावीस वर्षं घातली, तो हात आहे हा. चिपचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं. सातवी पास माणसाने.

पुण्याचा इंजिनियर साने (चिपा तोच आणून देतो) पाहायला आला होता. विचारतो, "मास्तर, चिपमधली उरलेली जागा कशाने भरलीत?"
म्हटलं, "उरलेली ती उरलेली. कोरी आहे."
"सहसा तशी ठेवत नाहीत."
"साहेब, चादरीच्या कार्डाला भोक नाही तिथं धागा उठत नाही. कोरं म्हणजे काही करू नको. सोलापुरात हे पोरासोरांनाही कळतं."
मॅनेजर दाते शेजारीच होते, हसले. बरं झालं त्यांच्यासमोर झालं ते.

शनि. ७ एप्रिल
पे. ३ ठीक. त्या हायड्रोवर दुसऱ्या पाळीला नरसय्या असतो. तीस वर्षं रंगखात्यात, नखं कायमची निळी. सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, तुमची पेटी आमच्या बायकोवानी हाय. काम पुरं झाल्याबिगर दार उघडत न्हाय." सगळे हसले. मीही.
पूर्वी हे लोक खिट्टीला तार बांधून ठेवायचे, थांबायची कटकट नको म्हणून. मी विचारलं, "आता तार बिर?" "न्हाय की. आता खट् वाजल्याबिगर हात लावत न्हाय. तुमीच शिकवलंय."
दुपारी दिवे दोनदा मंदावले, बॉयलरचा मोठा पंप चालू होताना. पेटीला काही झालं नाही. नोंद करून ठेवतो.

मंगळ. १० एप्रिल
नरसय्याचा उजवा हात गेला.
सव्वाचारला. हायड्रो नं. ३. झाकण उघडं, पिंप फिरतंय. सूत दंडाभोवती गुंडाळलं गेलं. मी पोचलो तोवर टेम्पोत घातला होता. सूत पिवळं होतं त्या खेपेचं. पुढं लिहीत नाही.

बुध. ११ एप्रिल
दाते म्हणाले, पेटी बघा आणि काय ते लिहून द्या. उघडली. सोल्डरचे डाग सगळे पक्के. चिपच्या काचेच्या खिडकीवरचा काळा कागद जागच्या जागी, म्हणजे उजेड आत जाऊन प्रोग्रॅम पुसलेला नाही. दहा वेळा पिंप फिरवलं, दहाही वेळा खिट्टी धरून राहिली. पिंप थांबल्यावरच खट्.
हायड्रोच्या पायाशी वीतभर तार सापडली. लडी बांधायची असते तसली. तिथं अशी तार कुठंही पडलेली असते.
कागदावर लिहिलं: पेटीत दोष आढळला नाही. सही, तारीख, वेळ.
दाते म्हणाले, "झालं तर मग."
मी म्हटलं, "तार बांधल्याशिवाय माझ्या पेटीचं झाकण उघडूच शकत नाही."
हे मी म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं.

शुक्र. १३ एप्रिल
सिव्हिलला जाऊन आलो. कोपराच्या वरून काढला. बायको बालामणी पायाशी बसलेली, तिला मराठी बेताचीच. नरसय्या शुद्धीत, आवाज बारीक.
"तार न्हाय लावली मास्तर. बत्ती बारीक झाली, अन् खट् वाजलं. वाफ किती, बाजूचे दोनी चालू, फिरतंय का थांबलंय कळतंय व्हय? खट् वाजलं, मी झाकण उचललं."
"नक्की खट् ऐकलंस?"
"तुमचं खट् मला झोपेतबी वळखू येतंय की."
खाली येऊन सायकलचं कुलूप उघडायला किती वेळ लागला. किल्ली उलटी घालत होतो.
बत्ती बारीक झाली म्हणाला.

रवि. १५ एप्रिल
पे. ३ परवानगीने घरी आणली. टेबलावर मांडली. पिंपाच्या जागी टेबलफॅनची मोटर, तिला लोहचुंबक चिकटवला, म्हणजे पेटीला वाटावं पिंप फिरतंय. लाइट कमीजास्त करायला डिमरस्टॅट. २३० वरून झटकन १४०, परत २३०. प्रत्येक वेळी वहीत एक रेघ.
सुमन समोर डाळ निवडत होती. "सही करून दिलीय ना? मग आता कशाला हे?"
"खात्री."
"सहीच्या आधी करायची असते ती."
चाळीस रेघा. काही नाही. पन्नास. काही नाही. बरं वाटायला लागलं होतं. चहा मागितला.
त्रेसष्टाव्या वेळी खट्.
फॅन फिरतोय. खिट्टी सुटलेली.
सुमनने वर पाहिलं. "काय वाजलं?"
"काही नाही."
पुढं अठ्ठ्याऐंशीला. मग एकशे एकतीसला. चहा तसाच राहिला.

सोम. १६ एप्रिल
रजा टाकली. आयुष्यातली अठरावी.
पुस्तकातला आज्ञांचा तक्ता काढला. मला लागत होत्या एकेचाळीस, तेवढ्या पाठ केल्या होत्या, त्यांच्यापुढं बरोबरची खूण. बाकीच्यांकडे बघितलंही नव्हतं. शेवटची ओळ आज पहिल्यांदा वाचली.
कार्ड कोरं म्हणजे भोक नाही. चिप कोरी म्हणजे उलटं, प्रत्येक घरात आठच्या आठ खुणा भरलेल्या. हे माहीत होतं मला. पण आठही खुणा भरल्या की तीसुद्धा एक आज्ञाच होते. "छप्पन्न नंबरच्या घरात जा."
लाइट दबली की चिप भरकटते, कुठंही जाऊन पडते. कोऱ्या जागेत पडली की तिथून थेट छप्पन्नला.
माझ्या ग्राफवर छप्पन्नपासून काय आहे ते बघायची गरज नव्हती. तरी बघितलं. अक्षर सुबक आहे. "खिट्टी सोड."
साने विचारत होता. सहसा तशी ठेवत नाहीत, म्हणाला होता.

मंगळ. १७ एप्रिल
पहिल्या पाळीच्या आधी जाऊन पे. १ आणि पे. २ च्या चिपा काढल्या. कोऱ्या घरांत शून्यं भरली. शून्य म्हणजे खरंच काही करू नको, पुढं चल. अगदी शेवटी "पुन्हा पहिल्यापासून". एका चिपेला अर्धा तास. तेवढंच काम होतं. अर्ध्या तासाचं.
फोरमनने विचारलं काय करता. म्हटलं, "धूळ साफ करतोय."
घरी पे. ३ मध्ये घालून डिमरस्टॅटवर दोन्हींना पाचशे पाचशे रेघा देऊन मगच नेऊन बसवल्या. एकही खट् नाही.
पे. ३ ची चिप तशीच ठेवली आहे. तिच्यात एकदा शून्यं भरली की आधी तिथं काय होतं ते कोणाला दाखवता येणार नाही. मलाही नाही.

गुरु. १९ एप्रिल
दात्यांनी केबिनमध्ये बोलावलं. सोमवारी अकराला चौकशी. बाहेरचे साहेब येणार. तार लावल्याचं ठरलं तर नरसय्याची नोकरी जाते, शिवाय त्याच्याच हलगर्जीने झालं असं कागदावर येतं.
"तुमचा रिपोर्ट आहेच मास्तर. तुम्हाला फार काही बोलावं लागणार नाही."
"बरं."
"आणि तीन नंबरचीही धूळ साफ करून बसवा की. तशीच. सोमवारी चालू दाखवायचीय."
तशीच, म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते फाइल बांधत होते. त्यांना काय आणि किती माहीत आहे, कळलं नाही. निघताना म्हणाले, "बाकी दोन खात्यांनाही पेट्या हव्यात. तुमचं नाव दिलंय वर." पंधरा दिवसांपूर्वी हे ऐकून मी…

शनि. २१ एप्रिल
नरसय्याला घरी सोडलंय. पूर्व भागात गेलो. दारात माग, त्यावर अर्धी चादर तशीच चढलेली. मोर. डिझाइन माझंच, कार्डं मीच पंच केलेली, बासष्ट साली.
बालामणीने चहा दिला. तो बशी डाव्या हाताने धरत होता, सांडत होता. मी दुसरीकडे बघितलं.
सांगायलाच गेलो होतो. वाक्य तयार होतं. तोच आधी बोलला.
"मास्तर, मला आता धड आठवत न्हाय. लावली बी आसंल तार. तीस वर्साची सवय, हात आपसूक जातो."
"तू म्हणाला होतास ना, नाही लावली."
"म्हनलो की. पर तुमी लिवून दिलंय पेटीत दोस न्हाय. तुमच्या कार्डात कदी येक भोक चुकलं न्हाय, हितं आख्ख्या पेठेला ठावं हाय. मग माजंच चुकलं आसंल की."
बालामणी तेलुगूत काहीतरी बोलली. त्याने तिला गप्प केलं. "ती म्हनते, मास्तरला खट् इचारा. येडी हाय."
मी चहा प्यालो. बशीतलासुद्धा. उठलो.

रवि. २२ एप्रिल
सान्यांना पत्र लिहायला घेतलं. "आपण त्या दिवशी विचारलं होतं की" इथपर्यंत. तीन कागद झाले, तिन्हींवर तेवढंच.
दुपारी पे. ३ परत डिमरस्टॅटवर लावली. का ते माहीत नाही. एकोणिसाव्यालाच खट्. सुमन स्वयंपाकघरातून आली, दारात उभी राहिली. या वेळी तिने काय वाजलं ते विचारलं नाही. म्हणाली, "हेच ऐकलं ना त्याने?"
मी डिमरस्टॅट शून्यावर आणला.

सोम. २३ एप्रिल
सकाळचे सव्वानऊ. चौकशी अकराला.
ग्राफपेपर काढला. छप्पन्नाव्या घराभोवती लाल पेन्सिलीने गोल केला. त्या कागदावरची पहिली खाडाखोड. घडी करून टेबलावर ठेवलाय, पाकिटात घातलेला नाही.
पे. ३ ची चिप शर्टाच्या खिशात, काड्यापेटीत. चिप भरायचं यंत्र टेबलावर चालू करून ठेवलंय. गरम व्हायला पाच मिनिटं, भरायला अर्धा तास, मिलपर्यंत सायकलने वीस मिनिटं. शून्यं भरून न्यायची किंवा आहे तशीच न्यायची, दोन्हीला वेळ पुरतो. तोंडी हिशेब केला, मग वहीत केला, बरोबर आहे.
सुमनने आत येऊन यंत्राच्या दिव्याकडे बघितलं. "हे चालू राहू दे, की बंद करू?"
अजून उभी आहे.