चपचप्याचा बंदोबस्त

३ तारीख, सोमवार. संध्याकाळ.

इतक्या उशिरा लिहितोय, माफी असावी. वहीचं पहिलं पान वर्षाच्या सुरुवातीला लिहिलं होतं, दुसरं आज. माफी कुणाची मागतोय हा प्रश्नच आहे, कारण वही माझी आणि वाचणाराही मीच. पण ड्यूटीत कसूर झाली की आधी माफी मागून मोकळं व्हावं. साहेब मग फार बोलत नाही.

लिहिण्याचं कारण असं की, मुलगी आणि जावई ऑफिसच्या कामाला परगावी गेलेत आणि नातवंडं माझ्या ताब्यात आहेत. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. निघताना मुलगी म्हणाली, बाबा, हा आठवडा झेपला तर दर सुट्टीला पोरं तुमच्याकडेच ठेवीन. नाही झेपला तर सुट्टीचं शिबिर आहे, तिथे घालते. मी म्हटलं, झेपायचं काय त्यात? शाळा सातवीत सुटली असेल, पण गोदामावर तीस वर्षं रात्रपाळी केलेला वॉचमन आहे मी. सबंध नोकरीत मला एकही चोर भेटला नाही. असं रेकॉर्ड दुसऱ्या कुणाचं असेल तर दाखवा.

ठराव: उड्या बंद. किंचाळणं बंद. दुपारी सगळ्यांनी झोपायचं.

४ तारीख, मंगळवार.

दुपारी झोपलो. पोरं नाही झोपली.

उठून बघतो तर घर जागेवर नाही. खुर्च्या आडव्या, चादरी खिडकीपासून कपाटापर्यंत ताणलेल्या, उशा वाटेत पसरलेल्या. थोरली टेबलावर उभी. मी पलंगावरून पाय खाली ठेवणार तोच दोघंही ओरडली, आजोबा, पाय वर! मी घेतले. दचकून नव्हे. गुडघे किती वाकतात ते बघत होतो.

चौकशी केली तेव्हा कळलं की जमिनीवर पाणी आहे आणि माझ्या पलंगाखाली चपचप्या राहतो. अंगात एक हाड नाही, नाक गुडघ्याला, पाय कायम ओले, म्हणून चालताना चपचप आवाज. खातो काय, असं सहज विचारलं. धाकटा म्हणाला, टाचा. थोरलीने दुरुस्ती केली, म्हाताऱ्या टाचा, कोवळ्या त्याला पचत नाहीत.

मी हसलो. मोठ्याने हसलो, म्हणजे कुणी ऐकत असेल तर त्याला कळावं.

चहा करायला गेलो तो पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून स्टुलावर, स्टुलावरून ओट्याजवळ. पोरांचं मन मोडवत नाही मला.

५ तारीख, बुधवार.

सकाळी धाकट्याने कपाटाच्या माथ्यावरून गादीवर उडी मारली. हात मोडला, डोकं फुटलं, मुलगी दारात उभी राहून विचारतेय, एवढं सगळं एका क्षणात दिसलं. त्याला काही झालं नव्हतं. तो म्हणाला, आजोबा, तुम्ही डोळे मिटले, तुम्ही आउट.

कपाटाशेजारचं स्टूल लपवून ठेवलं. पलंगाखाली. सरकवताना वाकावं लागलं, म्हणून काठीने ढकललं. स्टूल मध्येच अडलं. तिथे अडायला काहीच नाही.

भांडीवाल्या मावशी आल्या तेव्हा म्हटलं, जरा पलंगाखाली केर काढता का? त्या म्हणाल्या, आजोबा, माझं काम भांड्यांचं, चपचप्याचं नाही. पोरांनी यांनाही सांगितलं होतं. जाताना पदर तोंडाला लावून हसत होत्या. भ्यालेली माणसं अशीच हसतात.

ठराव: उद्यापासून अनुभवाचा उपयोग.

६ तारीख, गुरुवार.

अनुभव असा. गोदामाच्या फेरीला निघताना काठी आपटत जायची, शिट्टी वाजवायची, कोपऱ्यावर जरा थांबायचं. आत कोणी असेल त्याला निघून जायला वेळ मिळतो. त्याची अब्रू राहते, आपलं डोकं राहतं. लोक याला भित्रेपणा म्हणतात. मी याला नियोजन म्हणतो.

तेव्हा आज खोलीत शिरण्यापूर्वी प्रत्येक वेळी काठी आपटली. परिणाम चांगला झाला. फक्त पोरांना पद्धत फार आवडली. थोरलीने लाटणं घेतलं, धाकट्याने पातेलं आणि वर आपटायला झाकण. तिघांची फेरी निघाली. फेरीला मी पुढे होतो, असं नंतर मला सांगण्यात आलं.

खालच्या मजल्यावरचा कंपाउंडर वर आला. म्हणाला, डोक्यावर गिरणी टाकलीत की काय? मी म्हटलं, बंदोबस्त चाललाय. तो म्हणाला, कशाचा? धाकट्याने सगळं सांगितलं, नाक गुडघ्याला असतं इथपासून. कंपाउंडरने हलक्या आवाजात मला विचारलं, भूक लागते ना? शौचाला साफ होतं? निवृत्त झाला तरी माणूस दवाखान्यातून बाहेर पडलेला नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, सगळं ठीक ना? खालच्या कंपाउंडरकाकांचा फोन आला होता. मी म्हटलं, एकदम शांत. मागे झाकण गरगरत जाऊन पडलं. तिने फोनवर हात ठेवून जावयाला काहीतरी विचारलं. मग म्हणाली, आम्ही शनिवारी दुपारीच येतोय.

म्हणजे हातात एकच दिवस. मला काय, मला शांतताच हवी आहे. शिबिरात गेली तर सुटलो. पण धाकट्याला मी शेजारी बसल्याशिवाय जेवण जात नाही. आज दोनदा ताट घेऊन दुसरीकडे गेला, तिथेही मी जाऊन बसलो, तेव्हा कुठे जेवला.

७ तारीख, शुक्रवार.

वाटाघाटी. थोरलीला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, उद्या आई येण्याआधी चपचप्या घराबाहेर पाहिजे. ती म्हणाली, तो जाईल, पण बदली माणूस आला पाहिजे. मी म्हटलं, कसला बदली? ती म्हणाली, तुम्हीच सांगितलं होतं ना आजोबा, दुसरा वॉचमन आल्याशिवाय पाळी सोडायची नाही, वाघ आला तरी.

सांगितलं होतं. अभिमानाने सांगितलं होतं.

मी विचारलं, तुमच्यापैकी कुणी? दोघांनीही माझ्या टाचांकडे बघितलं.

ठराव: उद्या सकाळी पलंगाखाली जायचं, चार्ज घ्यायचा, बाहेर यायचं. पोरखेळ आहे. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यामुळे.

८ तारीख, शनिवार.

सकाळी गेलो नाही, पाठ धरली होती. अकरानंतर गेलो. डोकं गेलं, खांदे गेले, पायही गेले, मग ते स्टूल आडवं आलं आणि मी पुढेही जाईना, मागेही येईना. थोरलीने बाहेरून विचारलं, चार्ज घेतला का? मी म्हटलं, घेतोय, दिवा लाव. ती म्हणाली, दिवा लावला तर तो निघणार नाही.

तेवढ्यात माझ्या टाचेला काहीतरी ओलं लागलं.

मी ओरडलो. किती, ते सांगता येत नाही, पण कंपाउंडर खालून अनवाणी आला. धाकट्याने भोकाड पसरलं, आजोबांना खाल्लं! आजोबांना खाल्लं! ते खोटं रडणं नव्हतं. थोरली माझा पाय धरून ओढत होती आणि चपचप्याला, सोड, सोड म्हणत होती. मला आतून सांगायचं होतं, अगं, मी आहे. तोंडात धूळ गेली होती.

अशात मुलगी आणि जावई दारात.

जावयाने आणि कंपाउंडरने पलंग उचलला. खाली मी, स्टूल आणि धूळ. ओलं काय होतं? धाकट्याचा हात. पाण्याच्या पेल्यात बुडवून आत घातला होता. हुंदके देत म्हणाला, आजोबा आहेत का बघत होतो, ओला हात चपचप्या खात नाही.

मुलीने माझ्या केसांतली धूळ झटकली. विचारलं, बाबा, घाबरलं कोण, पोरं की तुम्ही? मी म्हटलं, पोरं. थोरली म्हणाली, सगळेच.

मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बाजू मांडता आली असती. म्हणाली, तुम्हाला त्रास नको, पुढच्या वेळी शिबिरच बघते.

९ तारीख, रविवार. दुपार.

सगळे सकाळी गेले. खुर्च्या सरळ. चादरींच्या घड्या केल्या, एक मोडून पुन्हा केली. मावशी म्हणाल्या, आज भांडी एवढीशीच? कंपाउंडर जिन्यात भेटला, म्हणाला, आता शांतता. मी म्हटलं, हो ना.

पलंगावर पाय वर घेऊन लिहितोय. रक्ताभिसरणासाठी बरं असतं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. काल मला ओढून काढलं, पण पलंगाखाली ड्यूटीवर कोण आहे, हे कुणी सांगितलंच नाही. मुलीला फोन करून थोरलीसाठी निरोप ठेवलाय. तो तुमच्याबरोबर आला का? आला असेल तर त्याला नीट सांभाळा. इथेच असेल तर एकट्या माणसाच्याने आवरणारा नाही, तुम्हा दोघांना यावं लागेल, मग शिबिर असो की काहीही असो. पातेलं आणि झाकण खालच्या फळीवर काढून ठेवलंय, धाकट्याचा हात पुरतो.

मी घाबरलेलो नाही. पण कळवा. काय ते आजच कळवा.