ऑनरेबलच्या बोअरचं पाणी

झूटरमेर, १४ फेब्रुवारी २०२१

तीर्थरूप दादास,
वीणाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऐकू आल्यासारखं तू हो हो म्हणतोस, म्हणून लिहून पाठवते आहे. पत्राचा फोटो संपदाच्या फोनवर येईल. ती वाचून दाखवायला लागली तर सांग, आजोबांना चष्मा आहे.

लुकास मंगळवारी घानात, अक्राच्या हॉस्पिटलात वारला. कोरोनाच. डिसेंबरात चौथ्यांदा खासदार झाला म्हणून उघड्या जीपमधून मिरवला, मास्क हनुवटीवर. तो फोटो त्यानेच पाठवला होता. खाली छापलं होतं, ‘ऑनरेबल लुकास अनाफो, जनतेचा सेवक’. बायकोला पाठवायच्या फोटोवरही ऑनरेबल लागायचं.

बातमी कळली तेव्हा मी दारापुढचा बर्फ काढत होते. फोन ठेवला आणि उरलेला बर्फ काढला. अवनी आइंडहोव्हनहून आली, दोन दिवस राहिली. रात्री नऊनंतर बाहेर पडायला बंदी आहे, त्यामुळे भेटायला कुणी येत नाही. ते बरंच आहे. मी तिकडे जाणार नाही. माझा दमा बघून डॉक्टर नको म्हणाले.

एकच मागणं. २००९ साली तू आणि तुमचे नगरसेवक बाळासाहेब यांनी चौकात फ्लेक्स लावला होता, ‘मिरजेचे जावई घानाचे खासदार’. लग्नाला तू आला नव्हतास, फ्लेक्सवर मात्र हात जोडून उभा होतास. या वेळी तसलं काही करू नकोस.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
वीणा

⁂

मिरज, २६ फेब्रुवारी २०२१

चि. वीणास,
अनेक आशीर्वाद.

वर ‘सौ.’ लिहून मग खोडलं आहे, ते दिसेल. नवा कागद घ्यावासा वाटला नाही.

तुझी वहिनी दोन दिवस जेवली नाही. लुकासरावांना ती एकदाच भेटली, पण त्यांनी तिच्या हातची भाकरी तीनदा मागून घेतली होती हे ती अजून सांगते. माणूस मोठा होता. तुला घरच्या माणसाची किंमत कधी कळली नाही.

फ्लेक्सचं म्हणशील तर तुझं पत्र येण्याआधीच तो लागला होता. बाळासाहेबांनी ऐकलं नाही. त्यांचा स्वतःचा फोटो जरा मोठा आला आहे. लुकासरावांचा इंटरनेटवरून घेतला. संपदा म्हणते की तो त्यांचा नाहीच, कुठल्या तरी फुटबॉलच्या प्रशिक्षकाचा आहे. बाळासाहेब म्हणाले, भावना महत्त्वाची. रविवारी उतरवतील.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात बत्तीस वर्षं काढली. खेड्यात पाणी नेणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. त्यांनी सतरा बोअर मारून दिले, असं तूच कधीतरी लिहिलं होतंस. तेवढं तरी आठव आणि मन मऊ ठेव.

वाफ घेत जा. आमची आठवण असू दे.

तुझा,
दादा

⁂

झूटरमेर, २१ मार्च २०२१

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

प्रशिक्षकाच्या फोटोला हार घातलात, हे वाचून अवनी पोट धरून हसली. मग डचमध्ये म्हणाली की बाबांनीही असाच दुसऱ्याचा फोटो लावून निवडणूक लढवली असती तर गावाला काही फरक पडला नसता. तिने तिकडच्या संसदेचं कामकाज काढून मोजलं. बारा वर्षांत तिचा बाप सात वेळा बोलला. त्यातली पाच शोकप्रस्तावावरची भाषणं. जिवंत माणसांसाठी दोन.

बाकी त्याचं काम म्हणजे शनिवारची अंत्ययात्रा. मतदारसंघात कुणीही मेलं की हा पांढरा झब्बा घालून पहिल्या खुर्चीवर. ऑगस्टमध्ये तीन आठवडे इथे यायचा, सोफ्यावर बसून स्वतःच्या बातम्यांची कात्रणं वाचायचा आणि चहा आणला की थँक यू, मॅडम म्हणायचा. मी राहिले ते नोकरीसाठी आणि अवनीच्या शाळेसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला ऑनरेबलची मॅडम व्हायचं नव्हतं.

डेल्फ्टला शिकत होतो तेव्हा हाच माणूस पंपाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा. डोळे मिटून, कान लावून. मी त्याच्याशी लग्न केलं.

आता कामाचं लिहिते. तिकडे मोठ्या माणसाच्या अंत्यविधीला गुळगुळीत कागदाची पुस्तिका छापतात. त्यात बायको, मुलं, भाऊ, चर्च, पक्ष, प्रत्येकाची श्रद्धांजली असते आणि ती ज्याने त्याने उभं राहून वाचायची. अंत्यविधी २४ एप्रिलला आहे. मी इथून पडद्यावर वाचणार. पक्षाच्या माणसाने मजकूर तयार करूनच पाठवला, दुःखात मॅडमना त्रास नको म्हणून. मी फक्त सही करायची. त्यात वाक्य आहे की माझ्या पतीने नाबारेगो गावाला गोड पाणी दिलं आणि ते पाणी त्यांच्या अंतःकरणासारखं शुद्ध आहे.

दादा, ते पाणी मी तपासलं आहे. २०११च्या ऑगस्टमध्ये त्यानेच बाटलीत आणलं होतं. मी नोकरीच्या प्रयोगशाळेत तपासून सही करून अहवाल दिला. फ्लोराइड लिटरला ४.२ मिलिग्रॅम निघालं. दीडच्या वर पिऊ नये. लहान मुलांचे दात जातात, पुढे हाडं. मी त्याला सांगितलं, हा बोअर बंद कर. तो म्हणाला, बघतो. पुढच्या वर्षी निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी त्याने हातपंप बसवला, फीत कापली, शेजारच्या भिंतीवर आपलं तोंड रंगवून घेतलं आणि पहिला पेला स्वतः प्यायला. त्याचाही फोटो मला आला. अहवालाची प्रत माझ्या फायलीत आहे.

सही केलेली नाही. तुझं मत कळव. पाठीवर हात असू दे.

तुझी,
वीणा

⁂

मिरज, ८ एप्रिल २०२१

चि. वीणास,
अनेक आशीर्वाद.

इथे पुन्हा सगळं वाढलं आहे. शेजारचे रवींद्र जोशी दोन दिवस बेड शोधत फिरले. आम्ही दार लावून बसलो आहोत. त्यामुळे तुझं पत्र चार वेळा वाचायला वेळ मिळाला.

सही कर आणि मोकळी हो. मेलेल्या माणसाला खाली उतरवून कुणी वर चढत नाही. असे अहवाल आमच्या टेबलावरही येत. नळ सुरू केला की लोक हार घालतात, बंद केला की दगड घालतात. अहवाल मत देत नाही. लुकासरावांना हे कळलं म्हणून ते खासदार झाले आणि तू तपासणीस राहिलीस.

आणि रागावू नकोस, पण विचारतो. प्रत तुझ्या फायलीत दहा वर्षं आहे. तुला आत्ताच बरं ते पाणी आठवलं? नवरा जिवंत असताना बोलायची हिंमत नव्हती, आता तो उत्तर देऊ शकत नाही तेव्हा बाईसाहेबांचा कंठ फुटणार. त्यांनी फीत कापली. तू पत्रही टाकलं नाहीस. आपण तिघेही एकाच खात्यातले म्हणायचे.

लिहिलं ते खोडत नाही. पण तुझी काळजी वाटते, तेही खरं. जपून राहा.

तुझा,
दादा

⁂

झूटरमेर, १६ मे २०२१

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

वहिनीचा ताप उतरला हे संपदाने कळवलं. तिला जास्त बोलायला लावू नकोस. मला गुरुवारी लस मिळाली, हात दुखतो आहे, बाकी ठीक.

तुझ्या पत्राने मी आठ दिवस चिडले होते. मग चिडण्यासारखं त्यात काही सापडेना.

२४ तारखेला अंत्यविधी झाला. परवानगी पंचवीस माणसांची होती, मांडवात दोनशे तरी असतील. ऑनरेबलचा फोटो दोन मजली. भाषणं अडीच तास चालली. एका वक्त्याने त्याला पर्वत म्हटलं, दुसऱ्याने नदी. माझी पाळी आली तेव्हा मी पक्षाचाच मजकूर वाचायला घेतला. नाबारेगोच्या वाक्यापाशी थांबले आणि म्हणाले की मी हे पाणी २०११ साली तपासलं आहे, त्यात फ्लोराइड ४.२ आहे, ते मुलांना देऊ नका. माझा आवाज लागला नाही. एवढं झालं आणि कुणीतरी दुःखी मॅडमचे आभार मानले आणि भजनी मंडळ सुरू झालं. अवनीने माझ्या हातातला कागद काढून घेतला. मला वाटलं, कुणालाच काही ऐकू गेलं नाही.

आठ दिवसांनी नाबारेगोच्या शाळेतल्या मास्तरांचा ईमेल आला. अकोलगो नाव. गावच्या चर्चमध्ये पडदा लावून कार्यक्रम दाखवला, तो त्यांनीच जोडला होता. त्यांनी लिहिलं की मॅडम, आम्हाला माहीत आहे. गावात २०१६ पासून ते पाणी कुणी पीत नाही. मुलांचे नवे दात तपकिरी यायला लागले आणि कुठल्या घरच्या मुलांचे येतात हे बायकांनी ताडलं. त्या आता तीन मैलांवरच्या जुन्या विहिरीवर जातात. या पंपावर कपडे धुतात. पिण्यासाठी हंडा भरायचा तो फक्त ऑनरेबल यायचे त्या दिवशी. काचेच्या पेल्यात, रुमालाने झाकून, त्यांना तेच पाणी द्यायचे. आणि ते दर वेळी पेला उंच धरून, सगळ्यांना दाखवून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. गाव टाळ्या वाजवायचं.

दादा, मी हे वाचून हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मास्तरांना वाटलं असेल की हा गावाचा सूड. पण वर्षाकाठी चार पेल्यांनी काही होत नाही, हे लुकासला पक्कं माहीत होतं. इंजिनियर होता. त्याने तेवढा हिशेब करूनच पेला उचलला असणार. असला माणूस. आणि मग मी रडले, तेही पहिल्यांदा. वहिनीला सांग.

मास्तरांची एक विनंती होती. पंप सील करून दुसरा बोअर मागायला ते तीन वर्षं कचेरीत खेटे घालत आहेत. तिथे मुलांचे दात चालत नाहीत, कागद लागतो. माझ्याकडचा अहवाल पाठवाल का, असं त्यांनी विचारलं. खाली लिहिलं होतं की त्यांची मुलगी पंप सुरू झाला तेव्हा दीड वर्षाची होती. ती आता फोटोत तोंड मिटून उभी राहते.

अवनीने सुचवलं की पाण्याचा नवा नमुना मागवू, नवी तपासणी करू, नवी तारीख पडेल. तिने ते माझ्यासाठी सुचवलं. नमुना यायला आणि निकाल लागायला पावसाळा उलटला असता. मी फायलीतला कागदच पाठवला. त्यावर माझं नाव आहे, सही आहे आणि २९ ऑगस्ट २०११ ही तारीख आहे. पंप बसला त्याच्या सव्वा वर्ष आधीची. मास्तरांना मोजता येतं. कालच पोच आली, एका ओळीची, नुसतं ‘मिळालं’. त्याआधीच्या पत्रांत ते डिअर मॅडम लिहायचे, या वेळी काही लिहिलं नाही.

तुझी माया पूर्वीसारखी राहावी असं मागणार होते. ते आता तूच ठरव.

वीणा