जोडीची शर्यत

ता. ४ मार्च

बुटके,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल, असं आधी लिहायचं असतं म्हणून लिहिलं. बरं कोणीच नाही.

फोन तू उचलत नाहीस. चौदा महिने झाले. घंटा वाजून वाजून दमते आणि मग ती बाई म्हणते, थोड्या वेळाने प्रयत्न करा. सख्ख्या बहिणीपेक्षा त्या बाईचा आवाज मला जास्त ऐकायला मिळतो. म्हणून हा कागद. कागद फाडायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावा लागतो. मला चौथीपर्यंतचंच लिहिता येतं, चुका काढत बसू नकोस.

बातमी अशी की माझ्या उजव्या नडगीच्या हाडाला चीर गेली आहे. पडले नाही, आपटले नाही. पळून पळून गेली. डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरला आणि केसाएवढी रेघ दाखवली. मी म्हटलं, एवढीशीच? तो म्हणाला, "बाई, कपाची पण आधी एवढीच असते." मग विचारलं, किती दिवस दुखतंय. मी म्हटलं, झाले असतील आठ दिवस. तुझे भाऊजी शेजारी बसले होते. ते म्हणाले, "नोव्हेंबरपासून." घरभेदी मेला.

तू यायची बंद झालीस तेव्हापासून मी एकटीच टेकडीवर जाते. आठवतं का, साखर वाढली म्हणून आपण दोघी पाण्याच्या टाकीपर्यंत चालायला लागलो होतो. चालता चालता पळायला कधी लागलो ते आपल्यालाही कळलं नाही. लोक विचारायचे, चाळिशी उलटलेल्या दोन बाया झुडपांतून पळतात कशाला, कुत्रं मागे लागलंय का. तू म्हणायचीस, कुत्रं नाही, ताई मागे लागली आहे. आता एकटी झाले तर टाकीच्या पुढे, दगडखाणीच्या पुढे, आठवड्याला पन्नास किलोमीटर. थांब म्हणणारं कोणी नव्हतं. थांब म्हणायचीस तूच. मी ऐकायचे नाही ही गोष्ट वेगळी.

दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात. माझं आलं तेही मुंगीच्याच पायाने. सकाळी उठल्यावर दुखायचं, पळताना अंग तापलं की थांबायचं. मी समजायचे, पळाल्यानेच बरं वाटतंय. अजून पळायचे.

लॉन्ड्रीत चादरींच्या मोठ्या इस्त्रीचं पायडल उजव्या पायाने दाबायचं असतं, दिवसाला सातशे-आठशे वेळा. डाव्याने दाबून बघितलं तर अंग तिरकं होतं, चादर तिरकी जाते आणि सुरकुती बसते ती बसते. दोन दिवस मुकादमीण बघत राहिली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "उठ तिथून, घड्या घाल." बावीस वर्षं यंत्रावर काढली आणि आता स्टुलावर बसून उशांच्या खोळी चौकोनी करते. नव्या पोरी विचारतात, मावशी, आज बसून? मी म्हणते, शोभेला ठेवलंय.

तीन महिने पळणं बंद. तुला विचारायचं होतं की रबरी पट्टा बांधून तू पाय उचलायचे व्यायाम करतेस ते दिवसातून किती वेळा. तुझ्या शेजारणीकडून कळलं. आणि गुडघा आता किती वाकतो? जमिनीवर बसता येतं का? शाळेतलं जिने झाडायचं काम काढून तुला गेटवर खुर्ची दिली, तेही तिनेच सांगितलं. बरं झालं, असं लिहिणार होते. स्टुलावर महिनाभर बसल्यावर तसं लिहवत नाही.

बाकी काही नाही. उत्तर दे.

ताई


ता. २१ मार्च

बुटके,

अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं दिसेल. डाव्या हाताने लिहिते आहे. तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहिते.

डॉक्टर म्हणाला होता, पळायचं नाही. सायकलचं त्याने नाव काढलं नव्हतं. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता. सायकलवर पायाला धक्का बसत नाही, असं मीच ठरवलं आणि रविवारी खाणीमागच्या कच्च्या रस्त्याने गेले. चढ चढले. नडगी कुरकुरत होती. म्हटलं, कुरकुर. उतारावर खडीत पुढचं चाक रुतलं आणि मी त्याच्यावरून पुढे. उजवा खांदा आधी पोचला, बाकीची मी मागून. गळ्याखालचं आडवं हाड मोडलं. दोन गाढवं चरत होती, ती थांबून बघत राहिली. तिघांत शहाणं कोण ते त्यांना कळलं असेल.

आबा म्हणायचे, मोडेन पण वाकणार नाही. त्यांची लेक मोडली, आणि आता वाकायचं म्हटलं तरी वाकता येत नाही.

पाय दवाखान्याने दिलेल्या जाड बुटात, हात झोळीत. दोन कुबड्या घ्यायच्या तर धरायला एकच हात. कपड्यांची बटणं, दात, केस, सगळं तुझ्या भाऊजींवर. जन्म ट्रकवर माल बांधण्यात गेला त्यांचा. वेणीसुद्धा तशीच घालतात. शेवटी गाठ मारतात आणि ओढून बघतात, सुटते का. काल म्हणाले, "आता हजार किलोमीटर गेलीस तरी हलायची नाही." मला हसू आलं, हसल्यावर खांद्यात कळ आली, कळ आल्यावर रडूच आलं. ते घाबरले, म्हणाले, फार आवळली का? मी हो म्हटलं. त्यांनी सोडून पुन्हा घातली.

दिवसभर खिडकीशी बसवून ठेवतात. समोरून कोणी पळत गेलं की मी तोंड फिरवते. जळते, दुसरं काय.

एक लिहायचं राहिलं. सायकल तुझी होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे ठेवलीस आणि न्यायला आलीच नाहीस, ती. पुढच्या चाकाचा दांडा वाकला आहे. दुरुस्तीवाला म्हणाला, सरळ करून देतो, पण ह्याच्यावर आता भरवसा ठेवू नका. मी काय सांगू त्याला.

ताई


ता. १२ एप्रिल

बुटके,

तुझ्या भाऊजींनी मला न विचारता दुकानदाराच्या फोनवरून तुला फोन केला. काल सांगितलं मला. तू एवढंच म्हणालीस म्हणे, "डाव्या हाताने लिहिते का ती?" ते हो म्हणाले. तू म्हणालीस, "वाचायला त्रास होतो." आणि ठेवून दिलास.

म्हणजे वाचतेस. रात्रीचं जेवण गेलं नाही मला. तू वाचत नाहीस असं धरून चालले होते तोवर बरं होतं, काहीही लिहिता येत होतं.

आधी बातमी. हाड जुळलं नाही. सायकलवर चढ चढताना जोर लावला, त्याने ती केसाएवढी रेघ आरपार गेली. आता आत सळई घालणार, बुधवारी. डॉक्टर म्हणाला, चालाल. मी म्हटलं, आणि पळणं? तो फोटो पाकिटात घालत राहिला. मी परत विचारलं. म्हणाला, "बाई, तुम्ही चालण्याचं बघा." पायडलचं विचारायचं धाडसच झालं नाही.

तिथे व्यायाम शिकवणारी एक पोरगी आहे, तुझ्या मुलीच्या वयाची. पाय हातात घेऊन ती दाबते आणि विचारते, दुखतं का. मी नाही म्हणते. सवयच आहे. परवा ती म्हणाली, "काकू, मग डोळ्यात पाणी कसलं?" मी म्हटलं, दिव्याचं. तिने दिवा बंद केला आणि परत दाबलं. मग सांगावं लागलं, इथे दुखतं, इथेही दुखतं. सांगता सांगता मला भीती वाटायला लागली. एक सांगितलं की दुसरं मागे उभंच असतं.

त्या जोडीच्या शर्यतीचं. अठ्ठावीस किलोमीटर, आणि ठरलेल्या वेळेच्या आत दोघींनी हात धरून रेघ ओलांडायची, एक थांबली की दुसरीही बाद. माझीच हौस. तुला नको होती. तू म्हणाली होतीस, आपण दोघी घरच्या टेकडीवर पळू, लोकांसमोर कशाला. मी म्हटलं, जन्मभर चादरी दाबल्या, एकदा तरी कुठे नाव लागू दे. तू माझ्यासाठी आलीस.

ओढ्यात तुझा पाय दोन दगडांत गेला आणि तू खाली बसलीस. तू म्हणालीस, "ताई, आतून काहीतरी वाजलं." मी म्हटलं, दगड वाजला, उठ.

तुला एवढंच आठवत असेल. पुढे तंबू होता, औषधाची पेटी घेऊन बाई बसली होती तो. तू लंगडत होतीस. मी तुझ्या आणि तिच्या मधून चालत होते. मुद्दाम. तिला तुझा पाय दिसू नये म्हणून मी तिच्या बाजूला आले होते. तिने विचारलं, "काही हवंय का?" तू तोंड उघडत होतीस, मी बघितलं. मी आधी म्हणाले, "पाणी." तिने पेले भरून दिले. तू मुकाट्याने प्यायलीस. तुला वाटलं असेल ताईला कळतं. लहानपणापासून तुला तसंच वाटत आलं आहे.

तिथून रेघेपर्यंत आठ किलोमीटर. डॉक्टरने तुला सांगितलं होतं ना, वेळीच थांबला असता तर गुडघ्यातलं शिवून भागलं असतं, एवढ्या चिंध्या झाल्या नसत्या. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं.

दवाखान्यात तू मला एकच विचारलंस. ओरडली नाहीस, रडली नाहीस. "ताई, तो आवाज तू ऐकला होतास का?" मी म्हटलं, कसला आवाज? तू भिंतीकडे तोंड केलंस. मी पिशवीतली मोसंबी काढून ठेवत राहिले, एक एक, कारण ती संपली की निघावं लागलं असतं.

ऐकला होता, बुटके. ओढ्याच्या पाण्यातही ऐकू आला. ओली फांदी मोडते तसा. मला लगेच कळलं की हा दगड नाही. कळलं म्हणूनच एवढ्या घाईने बोलले. घड्याळात बघितलं होतं, वेळ पुरत होती, चार मिनिटं उरत होती. तू खाली बसली होतीस आणि मी घड्याळात बघितलं.

हे लिहून मला हलकं वगैरे काही वाटलेलं नाही. लोक म्हणतात, सांगून टाकलं की हलकं वाटतं. कोण म्हणतात कोण जाणे. नंतरची ती सगळी पळापळ, ते पन्नास पन्नास किलोमीटर, ह्याच्याचसाठी होती असं म्हणावं तर तेही खोटं. मला पळायला आवडतं. तुझा पाय गेल्यावरही आवडत होतं. लाज त्याची जास्त वाटते.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला काहीतरी करावं लागेल, करायचं किंवा नाही करायचं. तुझ्यावर आणखी काम टाकायचं नाही. बुधवारी ये असंही म्हणत नाही. दवाखान्यातल्या पायऱ्या मी मोजल्या आहेत, पहिल्या मजल्यापर्यंत बावीस. तुला त्या कशा चढाव्या लागतील ते आता मला माहीत आहे, एक पायरी, थांबायचं, दुसरा पाय ओढून घ्यायचा. चौदा महिने माहीत नव्हतं.

पाकीट मला चिकटवता येत नाही, म्हणून पत्र तुझ्या भाऊजींच्याच हाती द्यायचं. त्यांना न सांगता कसं द्यायचं, म्हणून आधी वाचून दाखवलं. तुझा चेहरा काही मला दिसणार नाही, त्यांचा तरी बघावा म्हटलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "फोनवर मी तिला बोललो. म्हटलं, बहिणीशी किती ताणून धरशील." मला ते त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. मग हातातला कंगवा खिडकीत ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

अर्धा तास झाला. इथून पाठ दिसते. हाक मारली तर येतील, तेवढा भला माणूस आहे. मारवत नाही. उठून जवळ जावं तर उठता येत नाही. केस तसेच तोंडावर आले आहेत आणि हा एक हात लिहिण्यात गुंतला आहे.

नावाच्या आधी तुझी असं लिहायचं असतं. ती जागा मोकळी ठेवते. तिथे काय लिहायचं ते तुझं तू बघ.

............ ताई